पाच वर्षं कुंडीत वाढलेली जास्वंद काळ्या मातीत कशी लावावी?

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात राजारामपुरीतल्या फ्लॅटच्या गॅलरीत चौदा इंची कुंडीत पाच वर्षं वाढलेली लाल जास्वंद आहे. आईनं लावलेली, त्यामुळे ती गमवायची नाही. आता कसबा बावड्याच्या बाजूला स्वतःचं घर झालंय, पुढं थोडी मोकळी जागा आहे, माती काळी. जास्वंद कंपाउंडच्या भिंतीला लागून लावायची इच्छा आहे. माळीमामांचं म्हणणं, "दोन फुटाचा खड्डा काढूया, निम्मा शेणखतानं भरूया, थोडी वाळू घालूया आन् पयला पाऊस पडला की लावून टाकूया." हे बरोबर आहे का, खत नेमकं कोणतं आणि किती, आणि शेजारच्या कुंडीतला अनंतही त्याच वेळी लावून टाकावा का?

मी कोल्हापूर आणि आसपास घरगुती बागा लावून देण्याचं आणि सांभाळण्याचं काम करतो, त्या अनुभवावर लिहितोय. झाड जगेल. जास्वंद चिवट असते. माळीमामांची पद्धतही चुकीची म्हणता येणार नाही, फक्त ती तुमच्या मातीची नाही. पन्हाळ्याच्या वाटेवर किंवा राधानगरी, गगनबावड्याकडच्या तांबड्या, निचऱ्याच्या जमिनीत असं लावलेलं झाड मजेत वाढतं. नदीकाठच्या काळ्या रानात तीच कृती केली की पहिला पावसाळा झाडाला जड जातो. खताचा प्रश्न तुम्ही विचारलाय, पण मी तो मागं ठेवणार आहे, कारण अशी झाडं खत कमी पडलं म्हणून मेलेली मी फारशी पाहिलेली नाहीत. ती मरतात पाण्यानं. कधी जास्त पाण्यानं, आणि कधी चहूबाजूंनी ओल असताना मुळांना पाणी न मिळाल्यानं.

हे दुसरं वाक्य विचित्र वाटेल, म्हणून जरा फोडून सांगतो. लावून वर्ष झालेलं, तरी रोडावत रोडावत वाळलेलं झुडूप उपटायला मला बोलावतात. ओढलं की बऱ्याचदा हातात काय येतं, तर कुंडीच्या आकाराचा गोळा, जसाच्या तसा. वर्षभरात एक मूळसुद्धा बाहेरच्या मातीत गेलेलं नसतं. झाड जमिनीत असतं, पण त्याच्या लेखी ते अजून कुंडीतच असतं. कुंडीतली माती भुसभुशीत, शेणखत आणि कोकोपीटची, तिच्यातून पाणी झटकन उतरतं आणि ती लवकर सुकते. बाहेरची काळी माती पाणी हळू घेते आणि धरून ठेवते. दोन्हींच्या मधली सीमा ओलांडायला मूळ तयार नसतं आणि पाणीही सहज ओलांडत नाही. तुम्ही वरून पाहता, आळं ओलं आहे, माती काळीभोर आहे, सगळं ठीक. आत गोळा कोरडा ठणठणीत.

तुमची जास्वंद नर्सरीतून आणलेली असेल तर गोळ्याच्या आत आणखी एक गोळा असण्याची शक्यता आहे. आपल्याकडे विकायला येणारी बरीच शोभेची झाडं आंध्र प्रदेशातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमच्या नर्सऱ्यांमधून येतात. ट्रकमधून इतक्या लांब येताना मुळं उघडी पडू नयेत म्हणून ती चिकट लाल मातीत बांधलेली असतात. वाहतुकीला ही माती फार चांगली; घरी आल्यावर मात्र तीच माती एकदा सुकली की विटेसारखी होते आणि पाणी तिच्या कडेकडेनं निघून जातं. आईंनी तो गोळा न फोडता कुंडीत ठेवला असेल, बहुतेक सगळेच तसं करतात, तर तो पाच वर्षांनंतरही खोडाजवळ सापडेल. लावताना त्याचा समाचार घ्यायचा आहे.

आता खड्डा. काळ्या, घट्ट मातीत दोन फूट खोल खड्डा काढून त्यात शेणखत आणि वाळू भरली की आपण जमिनीत एक बादली पुरतो. पावसाचं पाणी आजूबाजूच्या मातीत मुरायला वेळ घेतं, पण या भुसभुशीत खड्ड्यात झटकन उतरतं. तळाला आणि बाजूंना काळ्या मातीची भिंत, त्यामुळे बाहेर जायला वाट नाही. जुलैत आपल्याकडे आठ-आठ दिवस उघडीप नसते, तेव्हा मुळं त्या पाण्यात उभी राहतात. शिवाय शेणखत कुजत जातं तसतसं बसतं, त्याबरोबर झाड खाली खचतं आणि खोडाचा बुंधा मातीत गाडला जातो. तिथून कूज सुरू होते. मूठभर वाळूनं काळी माती मोकळी होते हा समजही सोडून द्या. फरक पडायला इतकी वाळू लागते की मग तिला काळी माती म्हणायचं कारण उरत नाही.

म्हणून मी खड्डा खोल करत नाही, रुंद करतो. खोली मुळांच्या गोळ्याइतकीच, रुंदी त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि बाजू उतरत्या. भरायला तीच उकरलेली माती, ढेकळं फोडून. त्यात फार तर चौथा हिस्सा चांगलं कुजलेलं खत. मुळांना पहिल्या दिवसापासून तीच माती भेटली पाहिजे जिच्यात त्यांना पुढची वर्षं काढायची आहेत. खड्ड्यात मेजवानी घातली तर मुळं बाहेर कशाला जातील?

एक गोष्ट मात्र तुमच्या जागेवर अवलंबून आहे आणि ती मी इथं बसून सांगू शकत नाही. नवीन घराच्या अंगणात दिसते ती माती खरी माती असेलच असं नाही. बांधकाम संपताना वर चार-सहा इंच काळी माती पसरून देतात, खाली मुरमाची भर, विटांचे तुकडे, सिमेंटचा राडारोडा. कंपाउंडच्या भिंतीलगत तर हमखास, कारण पायाचं उरलेलं सगळं तिथंच ढकललेलं असतं. आधी एक खड्डा खणून बघा. राडारोडा निघाला तर तो खड्ड्यापुरता काढून भागणार नाही, तीन-चार फूट घेराचा पट्टा मोकळा करून तिथं शेतातली माती भरा. सिमेंट आणि चुन्यानं माती आणखी विम्लधर्मी (अल्कलाइन) होते. आपली काळी माती मुळातच त्या बाजूला झुकलेली असते, आणि मग जास्वंदीला मातीत असलेलं लोहसुद्धा घेता येत नाही.

भिंतीला लागून लावू नका. लाल देशी जास्वंद जमिनीत सहज आठ-दहा फूट जाते आणि तेवढीच पसरते. भिंतीपासून तीन-चार फूट सोडा. गच्चीचं पावसाचं पाणी जिथं पाइपमधून उतरतं ती जागा टाळा, ड्रेनेजचं चेंबर टाळा. पाच-सहा तास ऊन हवं, त्यातही सकाळचं मिळालं तर उत्तम. पश्चिमेकडं तोंड असलेली भिंत एप्रिलमध्ये संध्याकाळपर्यंत तापलेली राहते, नव्या झाडाला ते सोसत नाही. आणि बावड्यात आहात म्हणून विचारतो: २०१९ आणि २०२१ च्या पुरात तुमच्या गल्लीत पाणी आलं होतं का? शेजाऱ्यांना विचारा, कुठवर आलं ते ते भिंतीवर बोट ठेवून दाखवतील. आलं असेल तर अंगणातला सगळ्यात उंच कोपरा जास्वंदीचा.

निचरा बघायची सोपी रीत आहे. फूट-दीड फूट खोल खड्डा करा, पाण्यानं भरा, जिरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि तासाभरात पाणी किती उतरलं ते पट्टीनं मोजा. इंचभर किंवा जास्त उतरलं तर जमिनीत लावायला हरकत नाही. अर्ध्या इंचापेक्षा कमी असेल तर उंचवटा करूनच लावा. दोनदा भरायचं कारण असं की उन्हाळ्यात काळी माती आकसून भेगाळलेली असते. पहिलं पाणी त्या भेगांतून गडप होतं आणि निचरा फार छान आहे असं वाटतं. माती भिजून फुगली, भेगा मिटल्या, की खरं काय ते कळतं. याहून चांगली परीक्षा पावसाळाच घेतो. तुम्हाला घाई नसेल तर यंदाच्या जुलैत अंगणात कुठं पाणी साचून राहतं ते नुसतं बघून ठेवा.

घाई नसावी असं मी म्हणतो, त्यामागं वेळेचा हिशोब आहे. "पहिल्या पावसात लावा" हा सल्ला सगळीकडे मिळतो. सात-आठ जूनला मृग लागतं, हवा गार होते, आभाळ भरलेलं असतं, पाणी घालायची कटकट नाही, म्हणून तो सोयीचा आहे. निचऱ्याच्या तांबड्या जमिनीत मीही जूनमध्येच लावतो. काळ्या मातीत अडचण अशी की कापलेल्या मुळांना जखमा भरून नवी फूट काढायला तीन-चार आठवडे लागतात, आणि तेवढ्यात आर्द्रा-पुनर्वसूचा जोर सुरू होतो. जखमी मुळं आणि हवा नसलेली चिकट माती, हे जमत नाही. शिवाय ओली काळी माती खणूच नये. फावड्यानं तिच्या बाजू गुळगुळीत लिंपल्यासारख्या होतात आणि सुकल्यावर खापरासारख्या कडक. मुळं त्या भिंतीवर आपटून पुन्हा गोल फिरू लागतात.

तुमच्या जागेसाठी मी दसऱ्यानंतरचा काळ धरीन. सप्टेंबरअखेरचा हस्ताचा पाऊस एकदा होऊन जाऊ द्या, मग आठवडाभर उघडीप बघून लावा. जमीन अजून उबदार असते, खोलवर ओल असते, आणि थंडी आपल्याकडे अशी कडक नसते की जास्वंद झोपी जाईल. मार्चचं ऊन तापायच्या आत मुळांना चार-पाच महिने मिळतात. एकच गैरसोय, ऑक्टोबरची दुपार. त्यावर उपाय सोपा: पहिले दहा-बारा दिवस पश्चिमेच्या बाजूनं शेडनेट किंवा जुनं पातळ लुगडं बांधा. लाजायचं कारण नाही, शेजारी विचारतील तेवढंच.

तोवर दोन कामं करून ठेवता येतील. पहिलं सगळ्यात महत्त्वाचं, कारण झाड आईचं आहे. जूनमध्ये पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, सहा-आठ इंच लांबीच्या पाच-सहा काड्या कापा, खालची पानं काढा आणि डोळ्याच्या (जिथून पान फुटतं त्या सांध्याच्या) जरा खाली तिरका काप देऊन छोट्या पिशव्यांत लावा. पावसाळी हवेत महिना-दीड महिन्यात बहुतेक काड्या मुळं धरतात. ही रोपं म्हणजे तीच जास्वंद, बियांसारखी वेगळी निपजत नाहीत. एखादी बहिणीला द्या. मूळ झाडाला काही झालं तरी झाड तुमच्याकडं राहील, आणि ही खात्री असली की मुळं कापताना हात थरथरत नाही.

दुसरं काम, कुंडी नव्या जागेवर नेऊन ठेवणं. गॅलरीत तिला अर्ध्या दिवसाचंच ऊन मिळत असणार. थेट उघड्यावर लावली तर पानं भाजतात आणि लोकांना वाटतं मुळांना धक्का बसला. लावण्याआधी पंधरा दिवस कुंडीसकट तिथंच राहू द्या. जागा तिला मानवते का तेही कळेल. याच काळात पानांखाली आणि फुटव्यांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसतोय का बघा. पिठ्या ढेकूण असेल तर पाण्याच्या जोरानं धुवा, मग लिटरला पाच मिली नीम तेल आणि थोडं साबणाचं पाणी, आठवड्याच्या अंतरानं दोन-तीनदा, संध्याकाळी. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर कीड आहे असंच समजा.

आता प्रत्यक्ष लावणी. आदल्या दिवशी कुंडीला भरपूर पाणी द्या. संध्याकाळी चारनंतर काम सुरू करा. खोड धरून उपसू नका. कुंडी आडवी करा, कडेनं थोपटत फिरवा आणि गोळा सरकू द्या. कुंडीचं तोंड आत वळलेलं असेल तर लांब सुरी कडेनं फिरवून बघा, आणि तरी निघाली नाही तर कुंडी फोडा. दीडशे-दोनशे रुपयांच्या कुंडीपायी पाच वर्षांच्या मुळांची ओढाताण करणारे लोक मला कळत नाहीत.

गोळा बाहेर आला की तळाला मुळांची चटई दिसेल. ती करवतीनं किंवा धारदार कोयत्यानं इंचभर कापून टाका. बाजूनं तीन-चार ठिकाणी वरून खाली इंचभर खोल चिरा द्या. मग गोळा पाण्याच्या टबात अर्धा तास ठेवा आणि बोटांनी बाहेरची माती सोडवत जा. आतला लाल गोळा लागला तर घाई न करता तो पाण्यातच मऊ करून फोडा. सगळी माती धुऊन काढायची नाही, मुळांची टोकं बाहेरच्या बाजूला वळतील इतकंच. खोडाभोवती जाड मूळ गोल फिरून आवळत असेल तर ते आज कापलंच पाहिजे. आज सोडलं तर काही वर्षांनी ते खोडाचा गळा दाबेल.

एवढी कापाकाप जास्वंद सहन करते. मोगरा आणि तगरही करतात. बोगनवेल करत नाही. तिची मुळं ठिसूळ असतात, तिला गोळा न हलवता अलगद उतरवावी लागते. हे सांगतोय कारण एकदा हात बसला की माणूस सगळ्याच कुंड्यांवर कोयता चालवू लागतो.

फांद्यांची छाटणी बेतानं करा. मुळं कापली म्हणून झाड निम्मं करण्याची पद्धत आहे, मला ती पटत नाही. नवी मुळं काढायला लागणारं अन्न पानंच बनवतात. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा, फार लांब गेलेले शेंडे चौथाईभर कमी करा, कळ्या आणि फुलं सगळी खुडा. आकार द्यायची छाटणी फेब्रुवारीत, झाड रुळल्यावर.

लावताना उंचीकडं नीट लक्ष द्या. गोळ्याचा माथा जमिनीपेक्षा दीड-दोन इंच वर राहिला पाहिजे, कारण माती बसणारच. निचरा कमी निघाला असेल तर चार फूट घेराचा, आठ-दहा इंच उंचीचा उंचवटा करा आणि निम्मा गोळा त्या उंचवट्यात येईल असं लावा. खड्ड्याच्या बाजू खुरप्यानं ओरबाडून खडबडीत करा. माती थोडी भरली की पाणी सोडा, ती आपोआप पोकळ्यांत बसते, मग उरलेली भरा. पायानं तुडवू नका. मातीतली हवा गेली की एवढी मेहनत वाया.

खताकडं येतो. चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत दोन-तीन पाट्या, तेही मुख्यतः वर, खोडापासून वीतभर लांब पसरून. पाण्याबरोबर ते हळूहळू खाली उतरतं. युरिया, डीएपी, निंबोळी पेंड, काहीही पहिले दीड महिने नको. कापलेल्या मुळांना रासायनिक खत झोंबतं. शेणखत कच्चं असेल तर अजिबात घेऊ नका, त्याचं कारण या जिल्ह्यातल्या कोणत्याही ऊसवाल्याला विचारा: हुमणी. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून तिच्या अळ्या बागेत येतात, पांढऱ्या, जाड, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या. उसाची मुळं खाणारी अळी जास्वंदीची का सोडेल? खताची पाटी जमिनीवर ओतून हातानं चाळा. कुजलेलं खत हलकं, थंड आणि मातीचा वास असलेलं असतं. गरम लागलं, शेणाचा वास आला, तर ते अजून तयार नाही. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) फुकटात मिळते म्हणून आणाल तर तीही जुनी, थंड झालेलीच आणा. ताजी मळी कुजताना तापते.

आच्छादनासाठी मात्र आपण नशीबवान आहोत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोड सुरू झाली की पाचट हवं तेवढं मिळतं. वीतभर लांबीचे तुकडे करून तीन इंच थर द्या, खोडाभोवती चार इंच जागा उघडी ठेवून. काळ्या मातीत याचा दुहेरी फायदा. ओल टिकते, आणि माती भेगाळून कोवळी मुळं तुटत नाहीत.

पाणी कसं घालायचं हा सगळ्यात नाजूक भाग. पहिले दोन-तीन आठवडे झाडाची मुळं फक्त जुन्या गोळ्यात आहेत हे धरून चाला. म्हणून पाणी खोडाजवळच्या गोळ्यावर, थोडं थोडं, एक दिवसाआड. ऊन कडक असेल तर रोज. बाहेरच्या काळ्या मातीला वेगळं पाणी नको. घालण्याआधी दोन ठिकाणी बोट खुपसून बघा, एकदा गोळ्यात, एकदा बाहेर. गोळा कोरडा आणि बाहेर ओल असेल तरी पाणी द्या. गोळा ओला असेल तर पानं मलूल दिसली तरी देऊ नका. चौथ्या आठवड्यापासून आळं हळूहळू रुंद करत न्या, पाणी खोडापासून लांब, जास्त पण उशिरानं, चार-पाच दिवसांनी. मुळं पाण्याच्या मागं बाहेर येतात. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, भरपूर. आणि जून लागला की आळं मोडून टाका, माती खोडाकडून बाहेर उतरती करा. हिवाळ्यात बांधलेलं आळं पावसाळ्यात तसंच ठेवणं म्हणजे झाडाभोवती तळं राखणं, आणि गावातल्या निम्म्या अंगणांत तेच चाललेलं असतं.

पुढं काय दिसेल तेही सांगून ठेवतो, म्हणजे घाबरून औषधं मारत सुटणार नाही. पहिल्या पंधरवड्यात खालची जुनी पानं पिवळी होऊन गळतील, कळ्या गळतील. हे अपेक्षित आहे. दुपारी पानं लोंबली आणि संध्याकाळी ताठ झाली तर काळजी नको. सकाळीसुद्धा लोंबलेली आहेत आणि गोळा ओला आहे, तर पाणी थांबवा, आच्छादन बाजूला करा, माती श्वास घेऊ द्या. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसलं तर ते लोह कमी पडल्याचं लक्षण, आणि आपल्या मातीत बोअरच्या जड पाण्यावर ते सर्रास दिसतं. तात्पुरतं म्हणून हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला दोन-तीन ग्रॅम, ताज्या द्रावणाची फवारणी, सकाळी लवकर. फरशीवर पडू देऊ नका, तांबूस डाग जात नाहीत. कायमचं करायचं तर चिलेटेड लोह मातीतून द्या, पण पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या. स्वस्तातलं ईडीटीए आपल्या विम्लधर्मी मातीत फार टिकत नाही. एप्सम सॉल्ट हल्ली प्रत्येक पिवळ्या पानावर सुचवतात. ते मॅग्नेशियम आहे, लोहाच्या दुखण्यावर त्याचा उपयोग नाही.

नवे फुटवे दिसले, त्यांची पानं नेहमीच्या आकाराची झाली, म्हणजे मुळं बाहेरच्या मातीत गेली. मग खत सुरू करायचं, महिन्याला एक-दोन मुठी गांडूळखत, त्यापेक्षा जास्त लाड नकोत.

राहिला अनंत. तो लावू नका. जास्वंद आणि अनंत एकाच गॅलरीत शेजारी सुखानं नांदले, कारण दोघांची माती वेगवेगळ्या कुंड्यांत होती. अनंताला आम्लधर्मी, भुसभुशीत, कायम जरा ओलसर माती लागते. म्हणून कोकणात आणि घाटमाथ्याच्या लाल मातीत तो न बघता फुलतो आणि बावड्याच्या काळ्या मातीत वर्षभरात पिवळा पडून काड्या होतो, त्यात तुमचं बांधकाम नवं, सिमेंट-चुना ताजा. त्याला एक आकार मोठी कुंडी द्या, लाल माती, जुनं शेणखत आणि कोकोपीट समसमान घ्या, आणि पावसाचं पाणी पिंपात साठवून शक्य तितके महिने तेच घाला. नव्या घराच्या पायरीशी सकाळचं ऊन येत असेल तर कुंडी तिथं ठेवा.